हा चॅनल कुणी वापरतंय का?

मंगळवारी संध्याकाळी सव्वापाचला शांतारामकाका दिल्लीतल्या द्वारका भागातल्या आमच्या सोसायटीत सी टॉवरच्या लिफ्टमध्ये अडकले आणि पस्तीस मिनिटांनी बाहेर निघाले, तेव्हा सगळ्यांत शांत तेच होते. वय एक्क्याऐंशी, मधुमेह, कृषी मंत्रालयातून निवृत्त होऊन वीस-बावीस वर्षं झालेली. खिशात राजगिऱ्याची वडी होती. अर्धी खाल्ली आणि अर्धी, अजून उशीर झाला तर असावी म्हणून, रुमालात बांधून ठेवली. बाहेर आल्यावर ती सगळ्यांना दाखवली.

"फाइल हलायला याहून जास्त वेळ लागतो," म्हणाले, आणि जिन्याने घरी गेले.

बाकी सोसायटी मात्र पेटली. लिफ्टमधला फोन होळीपासून बंद, आत मोबाइलला रेंज नाही. काकांनी घंटी दाबली ती खाली बसलेल्या मानसने लगेच ऐकली. मानस हा आमच्या सी टॉवरचा गार्ड, ओडिशाचा, नियमाबाहेर पाऊल न टाकणारा. लिफ्ट उघडायची किल्ली मेन गेटच्या केबिनमध्ये असते. ड्यूटीवर गार्डांनी मोबाइल जवळ ठेवायचा नाही, न विचारता टॉवर सोडायचा नाही. म्हणून त्याने वॉकी-टॉकीवरून गेटला बोलावलं. सात वेळा. वीस मिनिटांनी, नोकरी गेली तर जाऊ दे म्हणत, तो पळत गेटवर गेला. तिथे गेटची गार्ड साधना केबिनमध्ये बसून पाहुण्यांच्या वहीत रकाने आखत होती. सेट तिच्यासमोर टेबलावर होता, चालू.

"सात बार बुलाया," मानस म्हणाला.

"एक बार भी नहीं आई आवाज," साधना म्हणाली.

दोघंही खरं बोलत असतील हे सोसायटीच्या ग्रुपवर कुणाला सुचलं नाही. जेवणं व्हायच्या आत निकाल लागला होता: बाई मोबाइलवर रील बघत बसली होती. सेक्रेटरी विक्रांत सेठींनी लिहिलं की रविवारी अकराला सभा, सिक्युरिटी एजन्सीच्या माणसाला बोलावलंय, गार्ड बदलली जाईल आणि कारण लेखी दिलं जाईल.

बुधवारी सकाळी भाजी आणायच्या निमित्ताने मी गेटवर थांबले. साधना पस्तिशीची, उत्तर प्रदेशातल्या एटाकडची, तोंडाची फटकळ. एरवी माझी पिशवी बघून "आज फिर लौकी? अंकल ने क्या बिगाड़ा है आपका?" असं विचारते. त्या दिवशी पिशवीकडे पाहिलंही नाही.

"आंटी, 'ड्यूटी में लापरवाही' लिख देंगे तो द्वारका के किसी गेट पर खड़ी नहीं हो पाऊँगी. मानेसर भेजेंगे, नहीं तो घर."

तिची खोली बागडोल्यात आहे, चालत दहा मिनिटांवर. मुलगी दहावीला. दुपारच्या सुट्टीत साधना घरी जाते, मुलीने पुस्तक उघडलंय की मोबाइल हे बघते, दोन पोळ्या तव्यावर टाकते आणि परत येते. तिकडे हरियाणातल्या मानेसरहून ते होणार नव्हतं.

"तू मोबाइल बघत होतीस का?" मी विचारलं. माझं हिंदी पंधरा वर्षांनंतरही पुण्याहून येतं, पण तिला सवय आहे.

"मोबाइल तो उस दराज में ताला लगा के रखते हैं. चाबी सेठी साहब के पास." तिने तो खण ओढून दाखवला. तो हलला नाही. "यह भी कोई नहीं पूछ रहा."

घरी येताना माझ्या डोक्यात भाजी नव्हती. कारण ते सेट माझ्यामुळे आले होते.

हे जरा उलगडून सांगायला हवं. आमची मुलगी शिवांगी दिल्लीतच मुनिरकाला खोली घेऊन राहायला गेली तेव्हा माझ्या दुपारी रिकाम्या झाल्या. बायका अशा वेळी योगाला जातात. मी हॅम रेडिओची, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांची, परीक्षा दिली. दोनदा दिली, कारण पहिल्यांदा नापास झाले. बारावी कॉमर्सच्या बाईला ओहमचा नियम कुणी शिकवलेला नसतो. तो मी कणीक मळताना पाठ केला. आता माझ्याकडे सरकारी परवाना आहे, बाल्कनीत वाळत घालायच्या दोरीच्या वर एक तार आहे आणि संगणकाला लावायची बोटाएवढी एक डबी आहे, जिच्यामुळे हवेत काय काय चाललंय ते पडद्यावर रेघांच्या रूपात दिसतं.

अशोकला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, हे मी त्याच्या भाषेत समजावलं होतं. तो केंद्र सरकारात आहे, त्यामुळे त्याला क्वार्टर कळतात. रेडिओच्या लहरींचंही तसंच, ज्याला जी अलॉट झाली त्याने तिथे राहायचं. पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका यांचे बंगले. तिथे फाटकाबाहेरूनच नमस्कार. आम्हा हौशी लोकांना इथे-तिथे काही क्वार्टर दिलेले, परवाना दाखवून राहायचे. सत्तावीस मेगाहर्ट्झला सिटिझन्स बँड, ती धर्मशाळा: कुणीही या, परवाना नको, आवाज हळू ठेवा. आणि चारशे सेहेचाळीसला अलीकडे उघडलेली दुसरी छोटी धर्मशाळा, स्वस्त वॉकी-टॉकींसाठी. माझ्या वहीत या सगळ्यांचे रकाने आहेत. एखादी रेघ दिसली की ती कुठल्या रकान्यातली ते ओळखायचं, तारीख-वेळ टाकायची. शेवटचा रकाना आहे 'कोण?'. तो जितका रिकामा, तितकी मी बेचैन.

तर गेल्या वर्षी आमच्या, हौशी लोकांच्या क्वार्टरमध्ये मला एक आवाज ऐकू आला, "दूधवाला आया है, छोड़ दूँ?" आमच्याच सोसायटीचे गार्ड! सेठींनी ऑनलाइन घेतलेले सेट कारखान्यातून जसे आले तसेच वापरात होते. मी नियमांचा कागद घेऊन त्यांच्याकडे गेले.

"नवाथे मैडम," ते म्हणाले, "अब हवा भी आपकी हो गई?"

"माझी नाही. पण तुमचीही नाही."

महिनाभर मी तो कागद घेऊन त्यांच्यामागे फिरले. शेवटी त्यांनी ते सेट परत केले आणि सहा नवे आणले, धर्मशाळेतले, परवाना न लागणारे. तेव्हापासून ग्रुपवर मी 'रेडियोवाली मैडम'. आणि त्या नव्या सेटवर सात वेळा हाक मारूनही गेटला ऐकू गेलं नव्हतं.

बुधवारी दुपारी मी डबी लावून बसले. सेटवर चॅनलचा नुसता खटका असतो, आकडा नसतो, म्हणून आधी गार्ड कुठे बोलतात ते शोधलं. मानसने गेटला "पानी का टैंकर" म्हटलं तशी रेघ उमटली: ४४६.०५६२५. वहीत लिहिलं. साधनाचं उत्तरही आलं. सगळं सुरळीत.

पाच वाजून सात मिनिटांनी त्याच आकड्यावर एक जाड रेघ उभी राहिली आणि उभीच राहिली. मधे क्षणभर तुटायची, पुन्हा सुरू. मी बाल्कनीतून खाली वाकले.

"मानस! गेटवर बात करो. एक बार."

त्याने सेट तोंडाशी धरला. सी टॉवर सोसायटीच्या मागच्या टोकाला आहे, गेट पुढच्या. उत्तर आलं नाही. पडद्यावर त्याची बारीक रेघ त्या जाड रेघेच्या पोटात बुडाली होती.

मानसने वर माझ्याकडे पाहिलं. भूत बघितल्यासारखं तोंड.

हे कसं होतं ते कळायला मला पाच मिनिटं लागली आणि पटायला रात्रीचा स्वयंपाक. या नव्या सेटच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'प्रायव्हसी कोड' लिहिलेलं असतं. सेट बोलताना आवाजाखाली एक बारीक सूर पाठवतो, कानाला न लागणारा. ऐकणाऱ्या सेटला तो सूर सांगून ठेवलेला असतो. तोच आला तर स्पीकर उघडतो, दुसरा आला तर गप्प बसतो. लोकांना वाटतं, वेगळा कोड म्हणजे वेगळी खोली. खोली एकच असते. तुमच्या कानांवर फक्त हात ठेवलेले असतात. गेटचा सेट त्या जाड रेघेला ओळखत नव्हता म्हणून साधनाला काही ऐकू येत नव्हतं. आणि ती रेघ गेटच्या इतक्या जवळून, इतक्या जोरात येत होती की लांबून येणारा मानस तिच्यापुढे टिकत नव्हता.

म्हणजे साधना खरं बोलत होती. मानसही.

पण ती रेघ कुणाची? आधी मी बंगल्यांची खात्री केली. रुग्णवाहिका वगैरे चुकून इकडे आली असेल तर मी हात लावायचा नाही. त्यासाठी मिनिटभर हेडफोन लावले. खात्यातलं कुणी नव्हतं. घरातले आवाज होते. मी हेडफोन काढून ठेवले.

काय ऐकलं ते मी अशोकला सांगितलं नाही आणि इथेही लिहिणार नाही. परवाना हातात देताना एक अट असते: जे तुमच्यासाठी नव्हतं ते कानावर पडलं तर कुणाला सांगायचं नाही. कुठून आलं तेही नाही. ऐकलं हेसुद्धा नाही. परीक्षेत या प्रश्नाला मला पूर्ण गुण होते. तेव्हा वाटलं होतं, दोन गुणांचा सोपा प्रश्न आहे.

गुरुवारी ती रेघ पाच वाजून दहा मिनिटांनी आली, सहाला दहा कमी असताना गेली. मी फक्त वेळा लिहिल्या. आणि अशोकचा लोखंडी मोजण्याचा टेप कापला.

"कुमुद! पाच मीटरचा होता तो!"

"अजून साडेतीन मीटर आहे."

"सुरुवातीचा दीड मीटर गेलाय! आता मोजायचं कुठून?"

"दीडपासून. वजाबाकी येते ना तुला?"

हातभर लांबीच्या पट्ट्या, नळवाल्याने टाकून दिलेला प्लास्टिकचा पाइप, चार क्लॅम्प. अशी अँटेना जिकडे तोंड करेल तिकडचं जास्त ऐकते. शिवांगीला फोटो पाठवला. तिचा फोन आला, "आई, ये क्या है? टॉवेलचा स्टँड?" तिला मी 'मोजपट्टी' म्हटलं, तेव्हा ती म्हणाली, "कोणती पट्टी?" दिल्लीत वाढवलेली मुलगी आहे. सोडून दिलं.

शुक्रवारी पाचला आम्ही दोघं खाली उतरलो. मी अँटेना घेऊन, अशोक लॅपटॉप घेऊन, दहा पावलं मागे.

"जवळ ये ना. वायर ओढली जातेय."

"ऑफिसातलं कुणी बघितलं तर मी म्हणणार, ह्या बाईंना ओळखत नाही."

"म्हण. लॅपटॉप हलवू नकोस."

पार्कातल्या बायकांनी विचारलं, मच्छर मारायचं नवं यंत्र का? एका आजोबांनी डिश टीव्हीवाले समजून मला फ्लॅटचा नंबर दिला. मी सी टॉवरपाशी उभं राहून गोल फिरले: रेघ गेटच्या बाजूला जाड. बी टॉवरपाशी फिरले: गेटच्या बाजूला, थोडी डावीकडे. ए टॉवरखाली आले तशी रेघ सगळीकडून सारखीच जाड दिसू लागली. इतकं जवळ गेलं की अँटेनाला दिशा कळेनाशी होते. मग ती काढून ठेवायची आणि जेमतेम ऐकू येईल असं काहीतरी लावायचं. माझ्या बांगडीत नेहमी दोन सेफ्टी पिना असतात. एक लावली.

जिन्याने चढत गेलो. पहिला मजला, बारीक. दुसरा, जाड. दुसऱ्या मजल्यावर चार दारं. दोनशे एक, बारीक. दोनशे दोन, मध्यम. दोनशे तीनसमोर पडद्यावरची रेघ अशी उसळली की अशोकने लॅपटॉप मिटला.

दारावर पितळी पाटी होती. विक्रांत सेठी.

अशोक कुजबुजला, "चल, उतरू."

खाली आल्यावर त्याने लॅपटॉप माझ्या हातात दिला. मग म्हणाला, "रविवारी सभेत बॉम्बच टाकशील तू."

"मला सांगता येत नाही. नियम आहे."

"अगं, त्या बाईची नोकरी जातेय!"

"माहितेय मला." मी जरा जोरातच बोलले. "ज्याचं आहे त्याला सांगता येतं. त्याने मग इतरांना सांगावं."

शनिवारी दुपारी मी दोनशे तीनची घंटी वाजवली. सेठींनी दार वीतभर उघडलं. खांद्यावर ओला टॉवेल, शर्टावर वरणाचा डाग. मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत, हल्ली घरूनच काम करतात. मी त्यांना इस्त्रीशिवाय कधी पाहिलं नव्हतं. आत टीव्ही चालू होता.

"सोसायटीचे सेट सहा," मी म्हटलं. "गार्डांकडे चार आहेत."

"दो स्पेयर हैं. मेरे पास रखे हैं."

"ठेवलेले नाहीत. एक चालू आहे. आवाज झाला की आपोआप बोलायची सोय लावलेली आहे त्याला."

त्यांचा चेहरा बंद झाला. "उसका प्राइवेसी कोड अलग है. मैंने ख़ुद सेट किया है. डिब्बे पे लिखा है, मैडम, प्राइवेसी."

मी सगळं सांगितलं. खोली एकच, कानांवर हात, मानसची बुडालेली रेघ, तीन दिवसांच्या वेळा. वही उघडून दाखवली. 'कोण?' च्या रकान्यात काहीच नव्हतं.

त्यांनी वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आपने क्या सुना?"

"नंबर."

"और?"

"माझ्या परवान्यात 'और' बसत नाही, सेठीजी. मी कुणाला काही सांगणार नाही. तुम्ही सांगा. उद्या अकराच्या आत."

"यह मेरे घर का मामला है," ते म्हणाले. "और लड़की लापरवाह है." दार लागलं.

मी जिना उतरले. गेटवर साधनाने विचारलं, "कुछ हुआ, आंटी?" मी म्हटलं, उद्या सभेला ये, साडी नको, युनिफॉर्म घालून ये.

रविवारी सकाळी मी परवान्याचा कागद फाइलमधून काढून पर्समध्ये ठेवला. अशोक चहा घेत बघत होता.

"हे कशाला?"

"सेठी बोलले नाहीत तर मी बोलणार. आणि मग हा कागद पोस्टाने परत."

"दोनदा दिलीस ती परीक्षा."

"तिसऱ्यांदा देता येते का ते बघू."

त्याने माझ्या पर्समध्ये पेनही टाकलं. परत करताना अर्ज लागतो म्हणे.

कम्युनिटी हॉलमध्ये तीस-चाळीस माणसं होती. साधना दाराशी उभी, टोपी हातात. तिला कुणी खुर्ची दिली नव्हती. शांतारामकाका पहिल्या रांगेत. एजन्सीचा माणूस रजिस्टर उघडून बसला होता. सेठी इस्त्रीच्या शर्टात, आवाज नेहमीसारखा: तारीख, वेळ, पस्तीस मिनिटं, ज्येष्ठ नागरिक, सात हाका.

मी उभी राहिले. "आधी एक चाचणी करू. गेटचा सेट या टेबलावर ठेवा. मानस सी टॉवरमधून बोलावेल."

साधनाने सेट आणून ठेवला. हॉल ए टॉवरच्या खालीच आहे, गेटला लागून. यापेक्षा योग्य जागा मिळाली नसती. रोज पाचला जे होतं ते अकरालाही व्हावं, टीव्ही तर चालू असणारच, एवढाच माझा हिशेब होता. अशोकने बाहेर जाऊन मानसला हात केला.

सेट खरखरला. "गेट, गेट, सी टॉवर बोल रहा हूँ. आवाज आ रही है?"

स्वच्छ. लख्ख. शेवटच्या रांगेपर्यंत.

कुणीतरी हसलं. "लो जी, सुन लिया." "और क्या सबूत चाहिए?" साधनाने माझ्याकडे पाहिलं, आणि ती नजर मी लवकर विसरणार नाही. तिला वाटलं, मीच तिला बुडवलं. एक प्रकारे खरंच होतं ते. काल मी सेठींच्या दाराशी गेले नसते तर सेट चालू राहिला असता. मी माणुसकी दाखवली आणि त्यांनी बटण बंद केलं.

एजन्सीच्या माणसाने पेनाचं टोपण काढलं.

"बैठ जाइए, मैडम," सेठी म्हणाले. माझ्याकडे न बघता.

मी बसले नाही.

"सेठीजी, आमच्यात एक पद्धत आहे," मी म्हटलं. "कुठल्याही लहरीवर बोलायच्या आधी विचारायचं असतं, इथे कुणी आहे का. विचारायचं आणि थांबायचं. बरेच जण दोनदा विचारतात. मी तीनदा विचारते, कारण पहिल्यांदा विचारलं तेव्हा समोरचा चहा पीत असतो, दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा बटण सापडत नसतं. तिसऱ्यांदा कुणी बोललं नाही, तर मग आपण बोलायचं." मी पर्स उघडून ठेवली. "गार्डांचा चॅनल आणखी कुणी वापरतंय का?"

हॉलमध्ये पंखे फिरत होते. "इसका क्या मतलब?" मागून कुणीतरी विचारलं. मी थांबले. मनात वीसपर्यंत आकडे मोजले.

"हा चॅनल कुणी वापरतंय का?" हे हिंदीत विचारायला हवं होतं, पण मराठीतच तोंडून गेलं. सेठींना कळलं. त्यांची मान खाली गेली. हातातल्या कागदाच्या त्यांनी दोन घड्या केल्या, मग चार.

पुन्हा वीस. अठराला शांतारामकाका खोकले. मी पर्समधला कागद बोटांनी चाचपला. मनात वाक्य तयार होतं. ते साधं होतं, फ्लॅटच्या नंबरापासून सुरू होणारं, आणि ते बोलायची मला अजिबात इच्छा नव्हती.

"हा चॅनल—"

"मैं," विक्रांत सेठी म्हणाले.

मग ते खाली बसले. उभं राहून सांगण्यासारखं नसावं. पुढचं मी लिहिते आहे, कारण ते त्यांनी स्वतः, चाळीस माणसांसमोर सांगितलं. त्यांच्या आईला, बीजींना, वर्षभरापासून काही आठवत नाही. सासरी निघाल्यासारख्या दुपट्टा घेऊन दाराबाहेर पडतात. दोनदा जिन्यात सापडल्या. बाई ठेवली होती, ती गेली. म्हणून एक सेट त्यांच्या खाटेशी आणि एक आपल्या खिशात. त्या उठल्या, बोलल्या की खिशात कळायचं. संध्याकाळी टीव्हीवर मोठ्या आवाजात आरती लागते, बीजी बरोबर गातात. त्या वेळी ते पार्कात चार फेऱ्या मारून घेत. दिवसभरात तेवढीच मोकळी हवा. "कोड अलग था," ते म्हणाले. "मैंने सोचा, किसी को पता नहीं चलेगा. किसी को पता न चले, यही तो..." घड्या घातलेला कागद त्यांनी टेबलावर ठेवला. "कल रात बंद किया मैंने. आज सुबह बीजी फिर सीढ़ियों पर थीं."

मग शांतारामकाकांनी खिशातून रुमाल काढला आणि त्यातली वडी सेठींपुढे ठेवली.

"सेठी, मेरी तरफ से केस बंद," ते त्यांच्या मंत्रालयी हिंदीत म्हणाले. "लिफ्ट का फोन ठीक करवाओ. वो असली लापरवाही है." एजन्सीच्या माणसाने टोपण परत लावलं.

सेठी उठून दाराशी गेले. "साधना जी," ते म्हणाले. इतक्या वर्षांत तो 'जी' पहिल्यांदा. "ग़लती मेरी थी. लिख के दूँगा."

साधना टोपी डोक्यावर नीट बसवत होती. मला वाटलं ती रडेल. पण ती फटकळ आहे हे मी आधीच सांगितलंय.

"साहब, आप पहले बता देते तो इतना तमाशा नहीं होता. बीजी निकलेंगी तो उड़ के तो जाएँगी नहीं. गेट से ही निकलेंगी. और गेट पर कौन है?" उत्तर तिने स्वतःच दिलं. "मैं हूँ. बस उनकी एक फोटो दे दो, और दरवाज़े पर घुँघरू बाँध दो. मेरी सास के लिए बाँधे थे हमने. बैटरी भी नहीं लगती."

सोमवारी पाचला मी पडद्यासमोर बसले. ४४६.०५६२५ मोकळा. मानसने गेटला बोलावलं, साधनाने पहिल्या हाकेला ओ दिली आणि वर उगाचच विचारलं, "आज लिफ्ट में कोई है क्या?" मानस हसला. तो हसतो हे मला माहीत नव्हतं.

परवान्याचा कागद फाइलमध्ये परत गेला. अशोकने त्याच्या कापलेल्या टेपवर मार्करने 'वजा १५०' लिहून घेतलंय, आणि तो आल्यागेल्याला दाखवतो.

मंगळवारी मी भाजी घेऊन येत असताना साधनाने पिशवीत डोकावलं.

"फिर लौकी." मग आवाज खाली आणून, "आंटी, अब तो बता दो. उस दिन उस मशीन पर आपने सुना क्या था?"

"नंबर."

"झूठ."

"चारशे सेहेचाळीस पॉइंट शून्य पाच सहा दोन पाच."

तिने माझ्याकडे बघून मान हलवली आणि फाटक उघडलं. केबिनच्या काचेला आतून एक फोटो चिकटवला होता, पांढरा दुपट्टा घेतलेल्या एका म्हाताऱ्या बाईचा. खाली साधनाने निळ्या पेनाने लिहिलं होतं: 'बीजी. ए-२०३. प्यार से बात करें.'

घरी येऊन मी वही उघडली. गेल्या आठवड्याच्या तीन ओळी तशाच होत्या, तारीख, वेळ, आकडा. 'कोण?' चा रकाना मी भरला नाही. मला बेचैनही वाटलं नाही. दुधी भोपळा चिरायला घेतला.